मारुतीच्या ओट्यावरची सुई

अक्का गेली. आणि गावाने तिचा फ्लेक्स लावलाय.

'गावाच्या आरोग्याचा आधारस्तंभ.' वर अक्का, खाली हात जोडलेले पुढारी. मोबाइलवर फोटो आला. मला आधी राग आला, रडू नंतर.

कारण याच गावाने भर ग्रामसभेत तिला "ए, खाली बस" म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

ज्यांना अक्का माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भडगावकडच्या एका खेड्यात मी नर्स होते, पहिलंच पोस्टिंग. अक्का बौद्धवाड्यातली, शेतमजुरी करणारी, राखीव जागेवरून नुकतीच ग्रामपंचायतीत मेंबर झालेली.

गावात महिन्यातून एकदा लसीकरण असायचं. कुठे? मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर.

का? तर म्हणे पहिल्यापासून तिथेच होतं. सावली आहे, लाइट आहे, भोंगा आहे.

फक्त बौद्धवाड्यातलं एकही पोर यायचं नाही. आणि गावातल्या बाळंतिणीही यायच्या नाहीत. सव्वा महिना विटाळ, देवळाची पायरी कशी चढणार?

म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, तेच बाहेर! मी स्टोव्हवर सुया उकळत बसायची आणि समोर म्हातारे बिड्या ओढत गप्पा हाणायचे.

ग्रामसेवकांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, अडाणी लोकं. त्यांना महत्त्वच कळत नाही."

अक्काला विचारलं. ती म्हणाली,

"बाई, आम्ही त्या वट्टावर कसा चढसूत? आते कोनी मारत नही, पन कोनी 'ये' बी म्हनत नही."

मग तिने सांगितलं. तिची धाकटी मुलगी गोवराने गेली होती. तेव्हाही दर महिन्याला ओट्यावर सुया दिल्या जात होत्या. अक्काच्या दारातून तो ओटा दिसतो.

मी तिला म्हटलं, "अक्का, जागा बदलून घेऊ."

किती सोपं वाटलं होतं मला!

ग्रामसभेत विषय आला. पैसे नको होते, इमारत नको होती. नुसती जागा बदला.

बौद्ध विहारात घ्या, अक्का म्हणाली. "आमच्या बायका तिथे पाय ठेवणार नाहीत," असं मागून कोणीतरी बोललं.

शाळेत घ्या. तर हेडमास्तर म्हणाले, मुलांचा अभ्यास बुडतो. शाळेच्या एका खोलीत सरपंचांची खताची पोती भरलेली होती, तेव्हा मात्र अभ्यास बुडत नव्हता.

आणि मग ते "ए, खाली बस."

अक्का बसली नाही. सरळ सरपंचांकडे वळली.

"आबा, मनं जाऊ द्या. तुमनी सून बाळंतीण शे ना? ती चढस का देऊळनी पायरी? तुमना नातूले सुई कोन देई?"

सरपंचांनी टोपी सारखी केली. "बरं, जागा बदलू," म्हणाले.

वाड्यातल्या पोरांसाठी ती सभाभर घसा कोरडा करत होती. कोणाच्या अंगावरची माशी हलली नाही. सरपंचांच्या नातवाचं नाव निघालं आणि सगळ्यांना एकदम लसीकरणाचं महत्त्व कळलं!

पण घ्यायचं कुठे? तेही अक्कानेच सुचवलं. फाट्यावरचा एसटीचा शेड.

"तो कोनाच बापना नही. तठे बठ्ठा जन बसतस."

खरंच होतं. तिथे सगळेच बसतात; एसटीची वाट बघताना कोणी कोणाला जात विचारत नाही. निदान मोठ्याने तरी नाही.

अक्काने शेड झाडला, सारवला, दोन जुनी लुगडी बांधून आडोसा केला. पहिल्याच महिन्यात बाळंतिणी आल्या, बौद्धवाडाही आला. सरपंचांची सूनही आली, सासूबरोबर. बाकावर शेजारी कोण बसलंय ते पाहून सासूबाईंनी मध्ये पिशवी ठेवली. ठेवू दे म्हटलं. पोराला सुई मिळाली ना!

आता गंमत ऐका.

जीपमधून वरचे साहेब तपासणीला आले. माझ्यावर उखडले. मंजूर जागा मारुती मंदिर, तुम्ही कोणाला विचारून इथे दुकान मांडलं? आधी सगळं व्यवस्थित चालू होतं!

मी काही बोलायच्या आत अक्का पुढे झाली.

"साहेब, मनी आंडेर गोवरमा गई, तव्हय बी तुमना कागदवर बठ्ठं बराबर व्हतं."

तिची लेक गेली, हे साहेबांना कळलं. तोंड फिरवून ते जीपमध्ये बसले. आणि मला मेमो धाडलाच. धाडू दे. पुढचं लसीकरणही शेडमध्येच झालं.

त्या दिवशी अक्काची मोठी मुलगी आली होती, नऊ महिन्यांची पोर घेऊन. गोवराची सुई होती.

अक्काने नातीला मांडीवर घेतलं नाही. लुगड्याच्या पलीकडे, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

सुई टोचली. पोरीने असा काही टाहो फोडला की शेड दणाणला. आई तिला गप्प करायला लागली.

बाहेरून अक्काचा आवाज आला. "नको चूप करू. रडू दे तिले. मनी आंडेर शेवटले रडनी बी नही."

त्यानंतर मी हजारो पोरांना सुया दिल्या. एकालाही "रडू नको" म्हणाले नाही.

अक्का गेल्याचं आज सकाळी मला त्याच नातीने फोन करून कळवलं. स्वतः दोन लेकरांची आई आहे आता. मोठमोठ्याने रडत होती.

मी तिला गप्प केलं नाही, अक्का.

जा आता. लेक वाट बघत असेल तुझी.

मनापासून श्रद्धांजली.