सडनली म्हणजे काय

मी दहावीत होते तेव्हा रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून इंग्रजी शब्द पाठ करायचे. उजेड असायचा आणि वहिनीची सोबतही. वहिनी इंदापूरकडच्या कळसची. तिच्या वडिलांची पूर्वी मेंढरं होती. तिचं लग्न होऊन वडगाव निंबाळकरला आमच्या घरी येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. माझ्यापेक्षा ती दीडच वर्षानं मोठी होती.

त्या दिवशी मी घोकत होते, "सडनली म्हणजे एकाएकी."

भाकरी थापता थापता वहिनीनं विचारलं, हा शब्द कुठं वापरायचा? मी बाईंसारखी समजावून सांगू लागले. आधी काही कल्पना नसते आणि होऊन बसतं, तिथं वापरायचा. तिनं एक वाक्य करून बघितलं, म्हैस सडनली आटली. मी म्हटलं, चूक, म्हैस हळूहळू आटते. ती हसली. मग तव्यावरची भाकरी उलटून हळूच म्हणाली, "मग माझी शाळा सडनली सुटली. सकाळी नववीच्या पेपरला निघाले हुते, तर आई म्हणाली, आज जाऊ नगं, पावणं येणार हायेत."



तात्या, म्हणजे माझे वडील, बाहेर ओट्यावर बसले होते. त्या पाहुण्यांत तेही होते. जेवण झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. 

दोन दिवसांनी ते सायकलवरून शाळेत गेले आणि वहिनीसाठी बाहेरून दहावीच्या परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आले. आई कुरकुरली, घरातलं कोण बघणार? तात्या म्हणाले, "म्या बघतो की." आणि खरंच, परीक्षेपर्यंत सकाळच्या धारा त्यांनीच काढल्या.

आम्ही दोघींनी एकाच पुस्तकावर अभ्यास केला. वहिनी गणितात राहिली, पण इंग्रजीत सुटली. गणित तिनं ऑक्टोबरला काढलं.

मार्कशीट हातात आल्यावर तात्या ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एसटीनं कळसला निघाले. मला बरोबर नेलं. वहिनीच्या वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले आणि तो कागद घेतला. कितीतरी वेळ ते त्याच्याकडं नुसते बघत उभे राहिले. तात्या त्यांच्या शेजारी उभं राहून एकेक विषय बोटानं दाखवत होते.