हिराबाईंचं बोट आणि श्रीधर

सकाळी आठच्या सुमारास हिराबाईंचा फोन आला. एरवी त्या मिस्ड कॉल देतात आणि मी उलटा फोन करते. त्या दिवशी थेट बोलल्या, "ताई, भाऊ गेलं. च्या घिऊन गेले तर खुर्चीतच मान टाकलेली... लॅपटॉप अजून चालूच हाय." त्याला आता दीड महिना झाला.

हिराबाईंचे भाऊ म्हणजे श्रीधर, माझा कॉलेजपासूनचा मित्र. मी पुस्तकांसाठी चित्रं काढू लागले, तो हिंजवडीत प्रोग्रॅमर झाला. मग पन्नाशीच्या आतच नोकरी सोडून कोळवणला, भातखाचरांच्या कडेला दोन खोल्या घेऊन एकटाच राहिला. तिथे बसून तो लिनक्ससाठी काम करायचा. लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट वापरता येणारी संगणकप्रणाली. तिच्यातला श्रीधरचा कोपरा अगदी लहान होता. लॅपटॉपच्या टचपॅडवर बोट टेकलं की पडद्यावरचा बाण कसा हलावा आणि चित्रकाराच्या टॅबलेटवर पेन टेकलं की रेघ कशी उमटावी, एवढंच तो बघायचा. माझी रेघ मध्येच तुटली की मी त्याला फोनवर शिव्या घालायचे. तो खूश होऊन म्हणायचा, "शिव्या नंतर दे गं. आधी तश्शीच रेघ पुन्हा काढून दाखव." दुसऱ्याच्या अडचणीवर इतका आनंदणारा माणूस मी पाहिला नाही.

हिराबाई डोंगरावरच्या वाडीतल्या. भातलावणीला, भारे वाहायला जायच्या आणि सकाळी श्रीधरकडे झाडलोट, चहा करायच्या. वाडीनं पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जंगलजमिनीसाठी वनहक्काचा दावा लावला होता. वहीच्या पानावर काढलेला नकाशा 'नीट काढून आणा' म्हणून परत आला. हिराबाईंनी ते सहज सांगितलं, तर श्रीधरनं पडद्यावर उपग्रहाचा फोटो लावला, मी दिलेला जुना टॅबलेट जोडला आणि त्यांनाच खुर्चीत बसवलं. "मला काय ठाऊक तुमचा डोंगर? तुम्हीच काढा."

त्यांनी टचपॅडवर बोट ठेवलं. बाण हलेना. श्रीधरनं बोट लावलं की पळायचा, त्यांनी लावलं की थिजायचा. हिराबाई हसल्या. "ह्ये तुमास्नीच वळखतंय, भाऊ. माझं बोट मेलंय जनू."

श्रीधर हसला नाही. दुपारी त्याचा मला फोन आला. आवाज पार पडलेला. "ते मीच लिहिलंय गं." टाइप करताना तळहात चुकून टचपॅडला लागतो आणि बाण भलतीकडे उडतो. तसं होऊ नये म्हणून अमुक इतक्या क्षीण स्पर्शाकडे लक्षच द्यायचं नाही, असा नियम त्यानं काही वर्षांपूर्वी लिहिला होता. राबून घट्टे पडलेल्या, कोरड्या बोटाचा स्पर्श यंत्राला तेवढाच क्षीण लागतो. "मी मोजली कुणाची बोटं? माझी आणि ऑफिसातल्या चारजणांची. भात लावणारं बोट माझ्या डोक्यातच आलं नाही."

मग बाजारच्या दिवशी वाडीतल्या बायका जीपमधून उतरल्या की आधी श्रीधरच्या ओट्यावर यायच्या. एकेक जण टचपॅडवर बोट ठेवायची आणि तो आकडे टिपून घ्यायचा. "भाऊ हात बगून भविष्य सांगतंय," म्हणून त्या त्याची टिंगल करायच्या. त्यानं तो जुना नियम काढून टाकला. बोट कसं असावं हे आधी ठरवायचंच नाही, समोरच्या माणसाच्या पहिल्या काही स्पर्शांवरून लॅपटॉपनं ते शिकून घ्यायचं, असं त्यानं नव्यानं लिहिलं. परदेशातल्या सहकाऱ्यांना ते पटेना. अशानं तळहात लागून बाण पुन्हा उडेल, असं ते म्हणाले. असली बोटं असतात किती जणांची, असंही एकानं विचारलं. तो तरातरा पुण्याला माझ्याकडे आला, दोन बश्या पोहे खाल्ले, त्या सगळ्यांचा उद्धार केला... आणि चहा पिता पिता म्हणाला, "तळहाताबद्दल मात्र ते बरोबर बोलतायत." परत जाऊन त्यानं अर्धं काम पुन्हा केलं. अख्खा पावसाळा त्यात गेला, पण शेवटी ते स्वीकारलं गेलं.

इकडे हिराबाईंचा नकाशा चालूच होता. सुरुवातीला त्या पेन विळ्यासारखं दाबायच्या, रेघ दोरखंडाएवढी जाड यायची. श्रीधरनं पेन त्यांच्या हाताच्या जोराला बसवून दिलं. मग हिरड्याची झाडं, गुरांची वाट, मसणवट, सगळं उतरलं. उपग्रहाचंही त्यांनी ऐकलं नाही. "ह्यो फोटू उन्हाळ्यातला हाय. हितं झरा असतुया," म्हणून त्यांनी कोरड्या खडकातून निळी रेघ ओढली. पाहणीला साहेबलोक आले, तेव्हा मीही गेले होते. छापलेला नकाशा हातात धरून ते चढले. निळ्या रेघेपाशी पाणी वाहत होतं. त्यातला एकजण वाकून ओंजळीनं प्यायला.

दावा मंजूर झाल्याचा कागद श्रीधर असतानाच आला. वाडीवर त्याला पाटावर बसवून जेवू घातलं, तर हा अवघडून गेला. उतरताना मला म्हणाला, "नकाशा त्यांचाच होता गं. मध्ये माझाच नियम आडवा आला होता."

गेल्या आठवड्यात माझा लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन मारुंजीच्या एका दुकानात गेले होते. शेजारी फरशी बसवणारा एक माणूस मुलीच्या अभ्यासासाठी जुना लॅपटॉप बघत होता. किंमत कमी राहावी म्हणून दुकानदारानं त्यात लिनक्स घातलं होतं. "लावून बघा की हात," दुकानदार म्हणाला. त्या माणसानं सिमेंटनं फुटलेलं बोट आधी पँटला पुसलं, मग जपून टचपॅडवर टेकवलं. बाण एक क्षण थांबला... आणि चालू लागला. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. "चार्जर देताय ना याच्याबरोबर?" त्यानं विचारलं.

मी बाहेर येऊन, टेम्पोंच्या गर्दीत, बराच वेळ उभी राहिले.