ओट्यावरची लिंबाची खूण

झिलईकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. संगमरवर घासून चकचकीत करायचा हा त्यांचा धंदा, आणि नाव पडलं ते त्यावरून. माणूस अबोल. कुणाच्या घरात शिरले की आधी माणसांकडे नाही, फरशीकडे बघणार. काकू म्हणायच्या, "लग्नात मी यांना दिसलेच नाही. हॉलची फरशी कशी होती ते विचारा, अजून सांगतील."

लोकांच्या घरचे पांढरेशुभ्र दगड जन्मभर घासले आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र सिमेंटचा खडबडीत ओटा. लेकीचं लग्न उरकलं तेव्हा कुठे नवा ओटा करायची गोष्ट निघाली. काका म्हणाले, काळा ग्रॅनाइट घालू. काही सांडो, काही तापलेलं ठेव, त्याची तक्रार नाही. काकूंना पांढरा हवा होता.

"अगं, संगमरवर म्हणजे नाजूक काम. लिंबाचा थेंब पडला तरी चमक जाते. सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतील."

"तुम्हाला सांभाळलंच ना?"

दोघं दगडांच्या वखारीत गेले. तिथे उभ्या करून ठेवलेल्या लाद्या धुळीने सगळ्या सारख्याच दिसतात. काकूंनी पाण्याची बाटली उघडली आणि ओंजळीने एकेका लादीवर पाणी मारत निघाल्या. ओला झाला की दगड पॉलिशनंतर कसा दिसेल ते कळतं, हे त्यांनी नवऱ्याकडूनच ऐकलं होतं. एका लादीतून राखाडी शीर आडवी गेली होती. वखारवाला म्हणाला, "ती कुणी घेत नाही, ताई."

"मग ती आम्हीच नेतो," काकू म्हणाल्या.

ओटा बसला आणि त्याबरोबर काकांचे नियमही बसले. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर, सगळं लाकडी फळीवर. गरम भांड्याखाली जाळी. काही सांडलं तर फडक्याने टिपायचं, पुसायचं नाही, पुसलं की पसरतं. काकूंनी हे सगळं बिनबोभाट पाळलं. शेजारीण एकदा म्हणाली, "अहो, हा ओटा आहे की सासू?" काकू म्हणाल्या, "सासू परवडली. ती निदान दुपारची झोपायची."

हसण्यावारी नेलं, पण खरं सांगायचं तर काका अतीच करायचे. कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी ओट्याशी वाकून खिडकीच्या उजेडात तिरक्या नजरेने दगड बघायचे. काकू पदराला हात पुसत बाजूला उभ्या. निकाल लागायची वाट बघणाऱ्या पोरीसारख्या. हे स्वयंपाकघर आहे, इथे एक बाई दिवसभर राबते, तिला मनासारखं लिंबू पिळता यावं, हे या गृहस्थांच्या डोक्यात कधी आलं नाही. दगडाची काळजी हीच बायकोची काळजी, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

मग काकूंना पोटाचं दुखणं जडलं. अन्न जाईना, औषध टिकेना. टिकायचं ते फक्त लिंबूपाणी. लेक दूर गावी, पोटुशी, आणि डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केलेला. ती रोज फोनवर आईशी बोलायची आणि फोन ठेवून रडायची.

एका दुपारी काका औषधं आणायला गेले होते. कित्येक आठवडे अंथरुणाला खिळलेल्या काकू त्या दिवशी आपल्या पायांनी उठल्या, भिंतीला धरत ओट्यापाशी गेल्या आणि स्वतःच्या हाताने लिंबू पिळलं. पेला हिंदकळला. दोन घोट घेऊन त्यांनी तो तसाच ओट्यावर ठेवला आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या. काका परतले तेव्हा त्या तिथेच होत्या. पेला उचलला तर खाली निस्तेज पांढरट कडं उमटलेलं आणि बाजूला तसेच चार-दोन शिंतोडे.

"मी बिघडवला हो तुमचा दगड," काकू म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ओट्याकडे पाठ केली. "दगडाचं मरू दे गं. तू उठलीस!"

एवढा आनंद त्यांना आधी कधी झाला नव्हता. दुखणं मागे फिरलं असं त्यांना वाटलं. पण ते फिरलं नव्हतं. काकू पुन्हा उठल्या नाहीत. महिना उलटायच्या आत गेल्या.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं आणि काकांच्या हाती ते कडं उरलं. समोरून बघितलं तर दिसायचंही नाही. खिडकीकडून वाकून बघितलं की दिसायचं आणि बोटाला किंचित खरखरीत लागायचं. काढायचं म्हटलं असतं तर त्यांच्या हाताला किरकोळ काम. पण काकांनी पॉलिशच्या पावडरच्या डब्याला हात लावला नाही. काकूंच्या साड्यांचा वास उडून गेला होता, फोटोतल्या काकू तर कुठल्या कुठे तरुण होत्या. ती शेवटची आपल्या पायांवर उभी राहिली ती इथे, एवढंच ते कडं सांगत होतं, आणि काकांना तेवढंच हवं होतं. सकाळी चहा करताना ते त्यावर तळहात ठेवायचे.

लेकीला त्यांनी फोनवर सांगितलं. तिने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत तसंच ठेवा. मी आईपाशी नव्हते हो. मला निदान ते बघायचंय."

"तसंच ठेवतो, पोरी."

बाळंतपण पार पडलं, बाळ प्रवासाजोगं झालं आणि लेक यायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवशी काका स्वयंपाकाला लागले. फळी कुठे ठेवली ते आठवेना, म्हणून टोमॅटो सरळ ओट्यावरच कापले. तेवढ्यात लेकीचा फोन आला, गाडी कधी पोचेल ते सांगायला. बोलण्याच्या नादात रस तसाच राहिला. नंतर टिपला तर काकूंच्या कड्याला लागून त्यांचा स्वतःचा डाग पडलेला.

काकांना स्वतःचा भयंकर राग आला. तिने जीव एकवटून केलेली खूण, आणि तिच्या अंगाला लागून हा आपला गलथानपणा! फक्त आपलाच डाग काढायचा, असं ठरवून त्यांनी पावडर काढली, नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचा, तुकडा ओला केला आणि घासायला सुरुवात केली.

आता या धंद्यात एक गोष्ट अशी की दगड एका जागी घासत नाहीत. तेवढाच तुकडा जास्त चमकतो आणि नवाच डाग दिसतो. म्हणून हात गोल फिरवत, हळूहळू बाहेर नेत, आजूबाजूच्या जुन्या चमकेत काम विरवून टाकायचं. हे काकांच्या हाताला सांगावं लागत नव्हतं. डोक्यात लेकीचे विचार होते. बाळाला कुठे निजवायचं, खिडकीतून वारं लागेल का, पोरगी आत आल्या आल्या रडेल का. हात आपला फिरत राहिला. मग त्यांनी ओलं फडकं मारलं आणि सवयीने खिडकीकडून वाकून बघितलं.

ओटा स्वच्छ होता. दोन्ही डाग गेले होते.

ते या बाजूने वाकले, त्या बाजूने वाकले. दिवा लावला. बोटं फिरवली. मग टोपलीतलं लिंबू घेतलं, कापलं, पेलाही काढला. लेकीला काय कळणार होतं? पण पिळायला हात उचलेना. ते कडं त्यांचं झालं असतं, तिचं नव्हे. त्यांनी लिंबू फेकून दिलं आणि त्याच खुर्चीत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी लेक आली. बाळाला खांद्यावर घेऊन, चपलाही न काढता सरळ स्वयंपाकघरात. "बाबा, दाखवा."

"पुसलं गं मी," काका म्हणाले. "माझ्याच हाताने पुसलं. मला पुसायचं नव्हतं." आणि काकू गेल्या तेव्हाही न रडलेला हा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. रडत रडतच त्यांनी टोमॅटोपासून सगळं सांगितलं.

लेकीने ऐकून घेतलं. रागावली नाही. तिचेही डोळे वाहत होते. बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाली, "जागा तरी दाखवा. कुठे होतं?"

काका उठले. लेकीचा हात धरून त्यांनी तिचा तळवा ओट्यावर टेकवला. "इथे." मग थांबले. "नाही, जरासं अलीकडे." तिचा हात उचलून त्यांनी शिरेच्या खाली ठेवला, मग वर ठेवला, मग खिडकीकडे सरकवला. दगड सगळीकडे सारखाच गुळगुळीत लागत होता. काम इतकं बेमालूम झालं होतं की जागा त्यांनाही सापडेना.