हिरवे मास्तरांची रक्ताची पेटी

माणूस समोर आला की हिरवे मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत नसत, बोटांकडे बघत. मेहकर तालुक्यातल्या त्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून हजर झाले, तेव्हा नमस्कार-चमत्कार काही नाही, माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "सिस्टरबाई, पेन गळून राह्यला तुमचा." मी नाशिककडची, पहिल्यांदाच घर सोडून आलेली, आणि स्वागत हे असं! मला राग यायला तेव्हाही वेळ लागत नसे. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यांचं खरं आडनाव हजेरीपटात होतं, तिथेच ते राहिलं. राज्य नवं होतं, कपाशीवर फवारायचं विषारी औषध नवं होतं, आणि ते औषध फवारणाऱ्या मजुरांच्या अंगात किती भिनतंय हे तपासायची योजनाही नवी होती. त्या योजनेचे मास्तर म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक. सायकलला लाकडी पेटी बांधून ते डोणगावच्या बाजूच्या शेतांवर जात. मजुराच्या बोटातलं थेंबभर रक्त नळीतल्या हिरव्या-निळ्या पाण्यात टाकत आणि अर्धा तास बांधावर बसून राहत. रक्त धड असलं तर पाणी पिवळं होई. अंगात औषध उतरलं असलं तर ते हिरवंच राही. मग मास्तर म्हणत, "हिरवं हाये. तू एकवीस दिवस घरी राह्य." त्यावरून मजुरांनी त्यांना हे नाव ठेवलं. ते शेताकडे येताना दिसले की बायका पदर तोंडाला लावून म्हणत, आले हिरवे मास्तर, आता कोणाची चूल विझते पाहा.

कारण एकवीस दिवस घरी म्हणजे एकवीस दिवस मजुरी नाही. योजना आखणाऱ्यांनी नळ्या दिल्या, रंग ताडून बघायची काच दिली, पेटीला कुलूपसुद्धा दिलं. घरी बसवलेल्या माणसानं खायचं काय, हे मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. मास्तर आणि आमचे डॉक्टरसाहेब यांनी त्यावर एक तोडगा काढला. हिरवं निघालेल्या माणसाला दवाखान्यात भरती करून घ्यायचं, म्हणजे दोन वेळची भाकरी-डाळ तरी पोटात जाईल. सहा-सात धट्टेकट्टे गडी खाटांवर पत्ते खेळत बसायचे आणि मी त्यांच्यावर ओरडत फिरायची. "ओरडा, सिस्टरबाई," मास्तर म्हणत, "पण वाढताना हात आखडू नोका."

वर्षभरानं वरचे साहेब तपासणीला आले. निरोगी माणसं सरकारी अन्न खाताना बघून त्यांचं पित्त खवळलं. ते बंद झालं. डॉक्टरसाहेबांनी रीतसर कागद लिहिला, की विषबाधेचा एक रोगी आला तर आमचा सुईच्या औषधाचा वर्षाचा साठा तीन दिवसांत संपतो. त्यापेक्षा ही भाकरी फार स्वस्त पडते. उत्तर आलं, की औषधाचा खर्च एका सदरात पडतो आणि अन्नाचा दुसऱ्या, सबब तुलना करता येत नाही. मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. "मरनं कोनत्या सदरात पडते, ते नाही लिवलं," एवढंच म्हणाले.

पुढच्या हंगामात लोकांनी आपली वाट काढली. ज्याचं रक्त हिरवं निघायची भीती, त्याच्या नावावर त्याचा भाऊ नाहीतर मेव्हणा बोट पुढे करी. बोटावर नावं थोडीच लिहिलेली असतात! पण मास्तरांपुढे ते चालणार कसं? एकदा मीही सोबत होते. सुखदेव म्हणून उंच, हसरा गडी होता, त्याच्या नावावर त्याचा धाकटा भाऊ बसला. मास्तरांनी बोट उलटंपालटं केलं. "हे बोट पंपाचं नाही, मोटेच्या दोराचं हाये. भाऊ फवारते अन् रक्त तू देऊन राह्यला काऊन बे?"

तेवढ्यात सुखदेवची बायको कौसा पुढे आली. बाळंत होऊन पंधरवडाही झाला नव्हता, पोर पदराखाली होती. "एकवीस दिस घरी बसला त खाचं काय, मास्तर? तुमच्या दवाखान्यात बी आता भाकर नाही भेटत." मास्तरांनी तिच्याकडे बघितलं नाही. बराच वेळ ते त्या पोरीच्या पदराबाहेर आलेल्या मुठीकडे बघत होते. मग त्यांनी भावाच्या बोटाला सुई टोचली आणि वहीत सुखदेवच्या नावापुढे पिवळं लिहिलं.

परतताना मी भांडले. वाटभर भांडले. ते सायकल हातात धरून चालत होते. शेवटी म्हणाले, "मीच त त्याले घरी बसवनार होतो. बसवून काय देनार होतो, सांगा." त्यावर मी जास्तच मोठ्यानं बोलले. आज त्याची लाज वाटते.

एकाचं कळलं की दहाजणांना कळतं. हंगाम संपेपर्यंत मास्तर कोणाच्याच बोटाला नाही म्हणू शकले नाहीत. वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पिवळी झाली. ती वर गेली आणि हुकूम आला: मजुरांच्या प्रकृतीस कोणताही अपाय आढळत नाही, तरी तपासणी बंद करून पेटी जमा करावी. साहेबांनी शाबासकीची ओळही लिहिली होती.

मास्तरांनी त्याच दिवशी स्वतःच्या हातानं वर लिहून कळवलं, की वही खोटी आहे, दोष माझा आहे, मजुरांचा नाही. मला काढा पण तपासणी ठेवा. डॉक्टरसाहेबांनी समजावलं, मीही हातापाया पडले. ऐकलं नाही. उत्तर यायला पुढचा श्रावण उजाडला. तोवर पेटी केव्हाच गेली होती आणि फवारणी पुन्हा सुरू झाली होती.

सुखदेवला बैलगाडीतून आणलं तेव्हा भरदुपार होती. तोंडातून फेस, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी, कपडे घामानं चिंब. दर पाच-दहा मिनिटांनी मी सुई देत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी कपाटातली शेवटची कुपी फोडली. जिल्ह्याला माणूस पाठवला होता. तो आला, औषध आलं नाही, वाटणी संपली होती म्हणे. मास्तर खाटेशी बसून सुखदेवचं बोट दोन्ही हातांत धरून होते. सुखदेव गेला तरी त्यांनी ते सोडलं नाही. मीच सोडवलं.

आठ दिवसांनी मास्तरांच्या कागदाला वरून उत्तर आलं. नोंदी खोट्या निघाल्यामुळे योजनेचा उपयोग नाही असं ठरलं, आणि मास्तर निलंबित झाले. त्यांना सोनाळ्याला, त्यांच्या गावी जायचं होतं. एसटीवर पोचवायला मी एकटीच गेले. थांब्यावर कौसा उभी होती, पोर कडेवर. तिनं उजवा हात पुढे केला.

"मास्तर, उद्यापासून औषध कालवाच्या कामावर चालली मी. तेवढं माह्यं रक्त पाहून द्या."

मास्तरांनी तिचं बोट धरलं. "आज पिवळंच असन, बाई. पाहा लागते ते महिन्यानं. हातानं कालवू नोको, काडी घे." एसटी आली, ते चढले, आणि खिडकीतून त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही.

गाडी गेल्यावर कौसा माझ्याकडे वळली. "सिस्टरबाई, महिन्यानं तुमी पाहान काय? तुमाले येते?"

मला येत होतं. बांधावर बसून मास्तरांनीच शिकवलं होतं. "येतं," मी म्हणाले, आणि पेटी नाही हे तिला सांगायचं राहून गेलं.