विकत कोण घेत होतं?

“पण विकत कोण घेत होतं?” एवढं विचारून आमचे घरमालक चष्म्यावरून बघत राहायचे. मग चहा ओतायचे.

क्लेटनला, आमच्या परदेशातल्या युनिव्हर्सिटीजवळ त्यांचं घर होतं. पुढच्या खोल्यांत पुण्याच्या आम्ही तिघी विद्यार्थिनी, मागे वरच्या मजल्यावर ते एकटे. त्या वर्षी आपली इतकी मुलं शिकायला आली होती, की खोली मिळणं हीच अर्धी डिग्री.

तरुणपणी ते त्यांच्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर देवमासे सोलायचे. चरबीचे पट्टे काढायचे, मग त्यांचं तेल व्हायचं.

“एवढं तेल कशाला लागायचं?” मी विचारलं.

“माझ्या पणजीला दिव्यासाठी, साबणासाठी. आमच्या वेळी यंत्रांना, चामड्याला, लिपस्टिकला.”

माझ्या मैत्रिणीने, नेहाने, घाईघाईने ओठ पुसले.

“हल्ली नाही घालत. नो वरीज,” ते म्हणाले.

आमच्या भाषेत त्याला देवमासा म्हणतात, देव म्हणजे गॉड, हे नेहानेच त्यांना सांगितलं. दोन दिवस ते चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, “मग बाकीच्या माशांना काय म्हणता?”

“आम्ही व्हेजिटेरियन आहोत,” नेहा म्हणाली.

त्यांची नऊ वर्षांची नात शाळेत देवमाशांचा धडा झाल्यापासून त्यांच्याकडे येईनाशी झाली होती. एका दुपारी आईने तिला ओढूनच आणलं. ती दारातच उभी राहिली.

“तुम्ही मारलंत त्यांना?”

“मी सोललं. मारणारे वेगळे.”

“का पण?”

त्यांनी दिवे, साबण, यंत्रं सगळं सांगितलं. शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला.

“दुसरी नोकरी करायची होतीत,” ती म्हणाली.

त्यांनी कप खाली ठेवला. “मिळाली असती,” ते म्हणाले. “पहिल्या वर्षी वासाने मला रोज उलटी व्हायची. दुसऱ्या वर्षी व्हायची थांबली. लाज त्याची वाटते.”

त्यांनी हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. नात आत आली आणि त्यांच्या शेजारी बसली.

पुढे नोकरी लागून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, टार्निटला राहायला गेले. दिवाळीचा फराळ घेऊन क्लेटनला गेले, तर दार दुसऱ्याच कुणीतरी उघडलं. शेजारीण म्हणाली, म्हाताऱ्याला जिने चढवेनात, म्हणून तो मुलीकडे गेला. तिथे खाली एकच खोली आहे, नातीची. ती त्याला दिली. पोरगी हॉलमध्ये झोपते.

“कुणी सांगितलं तिला?” मी विचारलं.

“कुणीच नाही. गादी तिने स्वतःच ओढत नेली.”