पिवळ्या कार्डाची गल्ली

अंगणवाडीत काम करणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. खिचडी शिजेपर्यंत आया दारात टेकतात आणि एकेक किस्सा आपसूक पदरात पडतो! नाशकात इंदिरानगरच्या मागच्या वस्तीत माझी अशी बरीच वर्षं गेली.

*

एकदा ट्रेनिंगला साहेबांनी समजावलं, "पोटालाच नाही, ती एक गरिबी. पोटाला आहे, पण आजूबाजूच्यांपेक्षा फार कमी, ती दुसरी. कळलं?"

देवळाली कॅम्पची मंदा लगेच उठली. "साहेब, मला दुसरी झालीय. माझ्या जावेनं फ्रीज घेतला!"

*

गल्लीतली शांताबाई मेथी-कोथिंबीर विकायची. तिच्या पोरीचं वजन काही वाढेना.

"अगं, पोरीला पालेभाजी देतेस ना?"

"देते की. विकून उरली की देते."

"आणि नाही उरली तर?"

"त्या दिवशी मीठ-भाकर. पण धंदा लय भारी झालेला असतो, ताई!"

*

मग योजना आली. गल्लीतल्या प्रत्येक बाईला शिलाई मशीन! नुसता खडखडाट. साहेब बघायला आले.

शांताबाईनं हात जोडले. "साहेब, पलीकडच्या गल्लीला तेवढं मशीन देऊ नका. गिऱ्हाईक कोण राहील?"

*

एका वर्षी सर्व्हे निघाला. टीव्ही दिसला की पिवळं कार्ड जाणार, स्वस्त धान्य बंद, अशी बातमी पसरली. मग चार घरच्यांनी आपापले टीव्ही काशीआजीकडे नेऊन ठेवले, वर गोधडी टाकली. आजी एकटी, पत्र्याची खोली. तिच्या गरिबीवर कोण शंका घेणार!

सर्व्हेचे साहेब नेमके आधी तिच्याकडेच शिरले. मी सोबत होते. गोधडी सरकवली, तर ओळीनं चार टीव्ही!

"आजी, कोणाचे हे?"

दारात टीव्हीवाल्या चौघीजणी उभ्या. खरं सांगितलं तर त्यांची कार्डं जाणार, नाही तर आजीचं. आणि आजीची चूल त्या धान्यावरच पेटायची.

"माझेच," आजी म्हणाली.

"चार-चार? लागतात तरी का?"

"कसे लागतील? लाईट कुठं हाय?"

साहेबांनी वर पाहिलं. बल्ब नाही, वायर नाही. कोपऱ्यात रॉकेलची चिमणी. त्यांनी फॉर्म काढला. मग 'टीव्ही नाही' असं लिहून पुढच्या घरी गेले.

संध्याकाळी चौघी टीव्ही न्यायला आल्या. आजी उंबऱ्यात बसलेली, हलेचना.

"आजच्या दिवस राहू द्या गं," म्हणाली, "खोली कशी भरल्यासारखी वाटतीय!"