प्रणालीची रद्द यादी

यादी न वाचता मी सही केली. चूक कळली तेव्हा कॉलेजचे सर आमच्या वाचनालयाच्या दारात बूट काढत होते.

सावली गावच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या मुलांना महिनाभर प्रत्यक्ष काम करावं लागतं. यंदा जिवतीकडची प्रणाली नावाची मुलगी आली होती. काम पाहून सरांनी मार्क दिले तर पास, नाहीतर तिचं वर्ष गेलं.

कपाटं भरली की काही पुस्तकं रद्द करावी लागतात. ती यादी मी तिच्यावर सोपवली. माझी स्वतःची पद्धत सोपी, फाटलं ते रद्द. प्रणालीने मात्र प्रत्येक पुस्तकाची तारीखपट्टी पाहिली. ही शेवटच्या पानाला चिकटवलेली कागदी पट्टी. कोणी पुस्तक नेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का पडतो. फाटक्या पुस्तकांच्या पट्ट्या शिक्क्यांनी भरलेल्या, करकरीत पुस्तकांच्या कोऱ्या. तिने फाटकी शिवायला काढली आणि करकरीत रद्द केली. मी चहा पिता पिता सही ठोकली.

सर आत आले. टेबलावरच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर त्यांचाच कवितासंग्रह, त्यांनीच आम्हाला भेट दिलेला. त्यांनी तो उघडला. पहिल्या पानावर जांभळा शिक्का: रद्द.

"हे कोणी केलं?"

प्रणालीचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "सर, सही माझी आहे."

"वाचून केली?"

"नाही सर."

माझ्यात काही अर्थ नाही हे ओळखून सर तिच्याकडे वळले. "काऊन वो बाई, इतकं वाईट आहे माझं पुस्तक?"

"वाईट नाई सर. पण बारा वर्षांत कोणी नेलंच नाई." तिने पट्टी उघडून दाखवली. "हा एक शिक्का आहे, तो माझाच. परवा रूमवर नेऊन वाचलं."

"आवडलं?"

"मोहफुलं वेचणाऱ्या बाईची कविता आईले फोनवर वाचून दाखवली."

"मग यादीतून काढायचं ना!"

"माझ्या एकटीच्या आवडीवर कसं काढू सर? बाकीच्या पुस्तकांना हाच नियम लावला."

सरांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "आई काय म्हणाली?"

"म्हणाली, या माणसानं सोता मोह वेचला असंल."

सरांनी चष्मा काढून पुसला. "माझी आई वेचायची," म्हणाले. मार्कांचा कागद तिथेच भरला, चांगला भरला. मी लगबगीने विचारलं, "सर, पुस्तक परत कपाटात ठेवू?"

"नको. पोरीनं बरोबर केलं." आणि पुस्तक त्यांनी आपल्या पिशवीत घातलं.

जास्त फाटलेलं पुस्तक म्हणजे जास्त वाचलेलं पुस्तक, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असं कळलं.

घरी मी सगळं रंगवून सांगितलं. 'सही माझी आहे' हे तर दोनदा सांगितलं. बायको लाखोळीची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बारा वर्सं तुमच्याच कपाटात होतं ना ते? मंग तुमी काऊन नाई वाचलं?"